मुख्याध्यापकांची जागा कोठें?

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण, असा वाद उपस्थित होतो. निवाडा आचार्यांच्या स्वतःच्या कौशल्यावरून न करतां त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करावा, असें ठरतें. अध्यापनाची परीक्षा शिष्याच्या ठिकाणीं पाहावी, हें तत्त्व इतकें जुनें असूनही आमच्या शाळांत तें अद्याप पुरतें रुजलेलें नाहीं.

पूर्वीं डेप्युटीसाहेबांची स्वारी यावयाची म्हणजे शाळा सारवून, तोरणें बांधून सज्ज होत असे. साहेब वर्गांत येत, मास्तरांकडे पाहात, शेरा लिहीत व पुढच्या गांवीं जात. ते दिवस सरले. परंतु फळ्याकडे पाहून शिक्षकाची पारख करण्याची खोड मात्र पुष्कळ ठिकाणीं मागें राहिली.

एक साधें उदाहरण घ्या. ५२ मधून ३८ वजा करावयाचे आहेत. गुरुजींनीं फळ्यावर हातचा घेऊन १४ हें उत्तर सुवाच्य अक्षरांत मांडलें. पाहणाऱ्यास पाठ निर्दोष वाटला. इकडे मागच्या बाकावरील मुलाच्या वहींत उत्तर २६ आहे. त्या मुलानें ‘मोठ्यांतून लहान वजा करावा’ हा नियम इमानानें पाळला आहे. ८ मधून २ काढले आणि ५ मधून ३ काढले. दशक सोडून त्याचे दहा एकक करावयाचे असतात, ही गोष्टच त्यास उमगलेली नाहीं. ‘नीट लक्ष दे’ म्हटल्यानें हा दोष जाणार नाहीं. दहा काड्यांची जुडी त्याच्या हातानें सोडवून घ्यावी लागेल. हें ज्यास दिसावें अशी इच्छा असेल, त्यानें मागच्या बाकावर बसलें पाहिजे.

जपानमध्यें ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाभ्यास, ही परंपरा मेइजी काळापासून चालत आलेली आहे. कांहीं शिक्षक मिळून एक पाठ रचतात. एक जण तो शिकवितो. बाकीचे वर्गांत राहून मुलें काय बोलतात व काय लिहितात, तें टिपून घेतात. मागाहून चर्चा होते. पाठ सर्वांनीं रचलेला असल्यामुळें दोषाचा भार एकट्यावर पडत नाहीं. कित्येकदां तोच पाठ सुधारून दुसऱ्या वर्गांत पुन्हां घेतात.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षकांनीं व मुख्याध्यापकांनीं दर वर्षीं निदान ५० तास व्यावसायिक उन्नतीसाठीं द्यावेत, अशी अपेक्षा ठेविली आहे. ते तास व्याख्यानें ऐकण्यांत व प्रमाणपत्रें जमविण्यांत संपले, तर वर्गांत कांहींच पालटणार नाहीं. आमच्या मतें त्यांतील निम्मे तरी आपल्याच शाळेंत, एकमेकांच्या वर्गांत जावेत. आणि पहिला पाठ तरुण शिक्षकांना मागें बसवून मुख्याध्यापकांनीं स्वतः घ्यावा. वडीलधाऱ्यानें आधीं आपलें काम चारचौघांपुढें मांडलें म्हणजे धाकट्यांची भीड मोडते, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको.

‘वेळ कोठें आहे?’ असें मुख्याध्यापक विचारतील. तक्ते व अहवाल भरतांना त्यांची त्रेधा उडते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच वाचकांपैकीं ज्यांच्या घरचें कोणी शाळेच्या नियामक मंडळावर किंवा व्यवस्थापन समितीवर असेल, त्यांस आमची विनंती आहे. इमारतीच्या रंगरंगोटीचा विषय निघण्यापूर्वीं सभेंत एवढेंच विचारावें: या महिन्यांत मुख्याध्यापक किती वर्गांत बसले, आणि मुलांच्या वह्यांत त्यांना काय आढळलें? मात्र विचारण्याआधीं आठवड्यांतून दोन तास तरी त्यांची कागदांतून सुटका करावी. यास पैसा लागत नाहीं.