ओल्या गोंदणाची कुस्ती

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण एका वाक्याशी आहे. "पैलवानाला जखमेचं कसलं कौतुक?" हे ते वाक्य. गेल्या महिन्याभरात मी ते तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं, आणि तिन्ही वेळा बोलणाऱ्याला आपण काहीतरी थोर बोलून गेलो असं वाटत होतं.

विषय असा की माझी नात कुस्ती खेळते. सांगलीला मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरींना जोर चढला आहे, आणि मला त्याचा अभिमानच आहे. तर या नातीनं परवा डाव्या हातावर, कोपराच्या खाली, चांगला टीचभर टॅटू काढून घेतला. पाचव्या दिवशी वस्तादांचा फोन. "बाई, पोरगी दिसली नाही. हाताला कापड गुंडाळून पाठवा की." मी म्हटलं, तीन आठवडे नाही. त्यावर वरचं वाक्य आलं.

नातलगांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचं भांडण टॅटूशीच. "मुलीच्या जातीला शोभतं का, लग्नाचं काय..." अहो, ज्यांच्या पोटी आपण जन्मलो त्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर काय होतं? माझ्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. गोंदणारीण दारात आली की बायका पुढे हात करून बसायच्या. यंत्रानं काढलं आणि दुकानात काढलं म्हणून ते एकदम परकं कसं होतं, ते मला कोणी तरी समजावून सांगा. चित्र चांगलं की वाईट, हा तिच्या हाताचा प्रश्न आहे. ओली जखम घेऊन दुसऱ्याच्या अंगाला भिडायचं की नाही, हा प्रश्न साऱ्या तालमीचा आहे. गंमत म्हणजे पहिल्या प्रश्नावर घरदार बोलतं, आणि दुसऱ्यावर कोणी नाही.

आता शाळामास्तरणीसारखं थोडं सांगते, कंटाळू नका. टॅटूची सुई मिनिटाला शेकडो वेळा कातडीत शिरते आणि वरचा थर भेदून खालच्या थरात शाई सोडते. म्हणजे कातडीला हजारो भोकं पडली. पहिले काही दिवस त्यातून लस पाझरते. मग खपली धरते, पापुद्रे सुटतात. वरची कातडी मिटायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, आतला थर सावरायला त्याहून जास्त. मोठं चित्र असेल, शाई दाट भरलेली असेल, तर आणखी. म्हणजे पाचव्या दिवशी जे दिसतं त्याला चित्र म्हणा, पण आहे ती जखमच. तीच जखम सायकलवरून पडून झाली असती तर याच वस्तादांनी पोरीला घरी पाठवलं असतं!

आणि कुस्ती म्हणजे काही बुद्धिबळ नव्हे. एकेरी पट काढायचा तर हात समोरच्याच्या पायाला घासत जातो. घिस्सा मारताना मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग अक्षरशः रगडला जातो. समोरची काय करणार? तोच हात पकडून पिळणार. खपली निघते, तिच्याबरोबर शाई निघते, आणि तिथं पांढरा डाग राहतो. ज्या चित्रासाठी पैसे मोजले ते चित्रही गेलं. पण तो तोटा फक्त तिचा. बाकीचा तोटा सगळ्यांचा आहे, म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जुलै १९८९ मध्ये शाळकरी कुस्तीगिरांचं चार आठवड्यांचं शिबिर भरलं होतं. मुलं १७५. त्यातल्या ६० जणांना अंगावर नागिणीसारखे पाण्याचे फोड उठले. हर्पिसचा विषाणू एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर गेला, अंगाला अंग घासून. हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर शरीरात दडून राहतो, आणि पुन्हा पुन्हा डोकं वर काढू शकतो. आता या मुलांपैकी बहुतेकांची कातडी निदान दिसायला तरी धड होती. तिथं एखादी उघडी, टीचभर जखम नेऊन ठेवायची म्हणजे चोराला दार उघडून आत बोलावण्यासारखं आहे.

आपल्याकडं तर गजकर्णानं उच्छाद मांडलाच आहे. पूर्वी मलम लावलं की जायचं. आता नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी जात आली आहे, आणि तिच्या शास्त्रीय नावातच 'इंडोटिनी' आहे, म्हणजे आपल्या देशाचं नाव! तालमीत एकच टॉवेल चौघी वापरतात, मॅट दिवसाकाठी एकदा पुसली तर पुसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच मॅटवर बारा-तेरा वर्षांच्या मुली सराव करतात. त्यांचं काय? नातीच्या जखमेतून पाझरलेली लस, रक्ताचा थेंब त्यांच्या खरचटलेल्या गुडघ्याला लागला तर? रक्तपेढीवाले टॅटू काढल्यावर वर्षभर रक्त घेत नाहीत. सुईतून काविळीसारखे रोग येऊ शकतात आणि ते लगेच दिसत नाहीत, म्हणून घेत नाहीत. ते काय भित्रे आहेत?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी टाळणार नाही.

पहिलं म्हणणं, "आमच्या आज्या गोंदवून दुसऱ्या दिवशी शेतात जायच्या." जायच्या, खरं आहे. पण भांगलताना कोणी त्यांच्या हातावर पाऊण तास घामेजलेलं अंग रगडत नव्हतं. शिवाय ज्यांचे हात पिकले, ज्यांना ताप भरला, त्यांची नोंद कोणी ठेवली? जगल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या.

दुसरं म्हणणं, "तांबडी माती औषधी असते." हौद्याच्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालतात. मला तो वास फार आवडतो. त्या मातीबद्दल मला आदर आहे. कोल्हापूरच्या बाजूला राहून नसेल तर कसं चालेल? पण धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, आणि मूठभर हळदीनं ते मरत नाहीत. म्हणून तर पोराला गंजका खिळा लागला की आपण त्याला टोचून आणतो. आणि खरं सांगायचं तर नात मॅटवर खेळते. तिथं ना माती, ना हळद!

तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे. "पट्टी लावून, वर बाही घालून खेळू दे." टॅटूवाले हल्ली पारदर्शक चिकटपट्टी लावून देतात, ती उपयोगाचीही आहे. पण ती घरात वावरायला, झोपायला. ओढाताणीत तिची कड सुटते, आत घाम साचतो, आणि झाकलेली ओली जखम म्हणजे जंतूंना उबवणीची पेटीच. मलम लावावं म्हटलं तर कुस्तीत अंगाला तेलकट लावून उतरायचं नाही असा नियमच आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत वजनाच्या वेळी डॉक्टर कातडी तपासतात आणि संसर्गाची शंका आली तर खेळाडूला बाहेर काढतात. जागतिक पातळीवर जे चालत नाही ते गल्लीतल्या तालमीत मर्दुमकी म्हणून चालवायचं का?

चौथं म्हणणं खेळाडूचं. ते मला खरोखर टोचतं. "आजी, तीन आठवडे बसले तर दम जाईल, बाकीच्या पुढं जातील." बाळा, थोडं मागं पडशील, हे खरं. पण कातडी पिकली तर तीनाचे सहा आठवडे होतील, वर औषधं. आणि तीन आठवडे बसायचं कोणी सांगितलं? पहिले दोन-चार दिवस विश्रांती. मग बैठका घाल, चाल, दोर न धरता पायांचा सराव कर, मॅटच्या कडेला बसून दुसऱ्यांचे डाव बघ. हात दुखत नसेल तेव्हा जोर, मात्र स्वतःच्या सतरंजीवर. भिडायचं तेवढं नाही. पुढच्या वेळी चित्र काढायची हौस आली तर जत्रांचा हंगाम आणि स्पर्धा बघून तारीख धर. जत्रेतल्या पालात, चौघांना टोचलेल्या सुईनं मात्र कधीच नको.

परत कधी जायचं? कॅलेंडर बघू नका, हात बघा. खपली नाही, पापुद्रा नाही, लाली नाही, चकचकीत ताणलेपण नाही, दाबलं तर दुखत नाही, आणि डोळे मिटून बोट फिरवलं तर चित्र कुठं सुरू होतं ते कळत नाही. हे सगळं जमलं की जा. गरम लागतंय, पू येतोय, लाल रेघ वर चढतेय, ताप आहे, तर तालीम राहू दे, आधी डॉक्टर.

राहता राहिलं ते वाक्य. पैलवानाला जखमेचं कौतुक नसावं, कबूल. पण कुस्ती हा असा खेळ आहे की ज्यात आपलं शरीर आपण समोरच्याच्या हवाली करतो आणि त्याचं आपण हाती घेतो. लढतीआधी हात मिळवतात तो या विश्वासाचा. ओली जखम लपवून हात पुढं करणारा हा विश्वास मोडतो. त्याला धीट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वस्तादांना मी एवढंच सुचवलं आहे की तालमीच्या दारावर एक पाटी लावा: अंगावर उघडी जखम, फोड, खाज किंवा ताजं गोंदण असेल तर आधी दाखवा, मग उतरा. वीस रुपयांचा पुठ्ठा लागेल. अक्षर मी काढून देते, अजून हात थरथरत नाही. अद्याप उत्तर आलेलं नाही. तुमच्या गावात तालीम असेल, मुलं जात असतील, तर तुम्हीही विचारून बघा.