दाखला परका, हात मात्र हवेत!

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. त्यामुळे तेथील माणूस दूरच्या धरणावर विसंबून असतो. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा प्रकल्पावर, तर अमरावती ऊर्ध्व वर्धा धरणावर जगते. धरणांची चर्चा विधिमंडळात होते. धरण आणि नळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कामगाराची मात्र कोठेच होत नाही. वस्तुतः पहिल्या पुरात पाणी गढूळ झाले की तुरटीची मात्रा किती वाढवायची, नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन कसा शिल्लक ठेवायचा, हे त्याच्याच हाती असते. सांडपाण्याच्या केंद्रावर तर टाकीतील विषारी वायूशी त्याची गाठ असते.

हे काम शिकून आलेल्या माणसाच्या दाखल्याचे आपण काय करतो? १९५६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचा दाखला देशभर चालतो. राज्य परिषदेच्या दाखल्याचे मोल बहुधा राज्याच्या सीमेवरच संपते. मेळघाटातील धारणीला अमरावतीपेक्षा बुऱ्हाणपूर जवळ. तेथे जाऊन पंप ऑपरेटरचे शिक्षण घेतलेला कोरकू तरुण मायभूमीत परतला की त्याचा कागद परप्रांतीय ठरतो!

पण कागद नाकारला म्हणून माणूस नाकारला जातो, असे कोणी समजू नये. तोच तरुण ठेकेदाराच्या हजेरीपटावर ‘अकुशल’ म्हणून चढतो आणि क्लोरीनची तीच झडप फिरवतो. कौशल्य कुशलाचे, वेतन अकुशलाचे. मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. अमान्यतेने पाणी सुरक्षित होत नाही, श्रम तेवढे स्वस्त होतात.

यावर आक्षेप येईल की, कोणताही दाखला डोळे झाकून स्वीकारणे धोक्याचे आहे. आक्षेप रास्त आहे. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन गावी दूषित पाण्याने ७ जण दगावले व सुमारे २,३०० आजारी पडले. तेथील चालकांपाशी परवाने होते. पण ते परीक्षेविना, केवळ अनुभवाच्या वर्षांवर मिळालेले. यातून बोध हाच की, कागद कोणत्या राज्याचा हे पाहू नका. हाताला काम येते की नाही ते पाहा. हा नियम स्थानिकांनाही तितकाच लागू असावा.

दुसरा आक्षेप भूमिपुत्रांच्या नावाने घेतला जातो. सरकारी नोकरीसाठी रहिवासाची अट घालण्याचा अधिकार घटनेच्या कलम १६(३) ने केवळ संसदेला दिला आहे, राज्यांना नव्हे. शिवाय वऱ्हाडची पोरे पोटासाठी सुरतेला व हैदराबादेला जातात, तेव्हा तेथील दारे उघडी असावीत अशीच आपली अपेक्षा असते ना?

म्हणून मागणी स्पष्ट आहे. शासनाने प्रत्यक्ष केंद्रावर विनामूल्य प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. उत्तीर्णाचा दाखला, तो कोणत्याही राज्याचा असो, मान्य करावा. आणि त्या दिवसापासून ठेकेदाराकडेही त्याला कुशल कामगाराचेच वेतन मिळावे. यातील तिसरी मागणी वगळून पहिल्या दोन मान्य करण्याची चतुराई होईल. कामगार संघटनांनी ती होऊ देता कामा नये.