शेवया घरच्या, मासा तापीचा

मासा आणि नूडल्सचा जपानी वाडगा घरी करायचा ठरला की पोरं आधी मोबाईलवर मिसो, कोंबू, बोनिटो असली पाकिटं शोधायला लागतात. मागवू नका. तेवढ्या पैशात घरात आठवडाभर मासळी येईल.

जपानमधलं क्योटो शहर समुद्रापासून आत आहे. जुन्या काळी तिथे ताजी समुद्री मासळी दुर्मीळच होती. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून वाळवलेला हेरिंग यायचा. तो सोया सॉस आणि साखरेत मऊ शिजवून गरम सोबा नूडल्सवर ठेवायची रीत १८८२ मध्ये तिथल्या मात्सुबा नावाच्या दुकानाने काढली, आणि आज तो क्योटोचा मानाचा पदार्थ आहे. समुद्र नंदुरबारलाही नाही, आणि आठवडे बाजारात सुकट-बोंबील आपल्याकडेही येतातच. तेव्हा लाजायचं काय?

सुरुवात रश्शापासून करा, कारण खरी चव तिथेच असते. जपानी घरांत छोटी वाळलेली मासळी पाण्यात भिजवून, उकळून गाळतात. आपण सुकट घ्यायची. चौघांसाठी मोठी मूठभर सुकट निवडा, तव्यावर कोरडीच परता, सव्वा लिटर पाण्यात अर्धा तास भिजवा. त्यात माशाचं डोकं, आल्याचा तुकडा आणि चिरलेला कांदा घालून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा आणि गाळून घ्या. डोक्यातले कल्ले आधी काढा, नाहीतर रस्सा कडवट होतो. मीठ मात्र शेवटी, चाखून. सुकट खारट, सोया सॉस त्याहून खारट.

नूडल्स म्हणून उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया चालतात, अगदी छान चालतात. जपानी सोमेन म्हणजे तरी काय, गव्हाच्या बारीक वाळवलेल्या शेवयाच. सेतो समुद्राकाठी मंगलप्रसंगी अख्खा शिजवलेला मासा सोमेनवर मांडून वाढतात. खिरीसाठी भाजलेल्या शेवया मात्र नकोत. भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं शिजवा, लगेच थंड पाण्यात हाताने चोळून धुवा. हे धुणं टाळलंत तर वाडग्यात लापशी होईल.

मासा मरळ मिळाली तर उत्तम, तिच्यात बारीक काटे नसतात. कटला, रोहू घेतलात तर पोटाकडचे तुकडे मागा. तापीवर उकाई धरणाचा फुगवटा आहे. नर्मदेवर सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडितातल्या आदिवासी गावांनी मासेमारीच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आहेत. त्यांचा माल बाजारात दिसला तर आधी तो घ्या. डोळे फुगीर, कल्ले लाल आणि बोट दाबल्यावर मांस परत वर येणारं, एवढं बघितलं तरी पुरे.

तुकड्यांना मीठ लावून वीस मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी फडक्याने टिपा, निम्मा वास तिथेच जातो. तव्यावर थोड्या तेलात कातडीची बाजू आधी कुरकुरीत करा. मग दोन चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ आणि ठेचलेला लसूण घालून चकाकी येईपर्यंत परता.

एक गोष्ट दटावूनच सांगतो. मोबाईलवर कच्च्या माशाचे व्हिडिओ कितीही दिसोत, नदी-धरणातला मासा कच्चा खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या माशात पोटात जाऊन बसणाऱ्या कृमी असू शकतात. लिंबू पिळून किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून त्या मरत नाहीत, आणि घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याचाही भरवसा नको. आतलं मांस पांढरं होऊन पाकळ्या सुटेपर्यंत शिजवाच.

तिखटासाठी जपानी लोक रामेनवर मिरचीचं तेल घालतात. मिरचीच्या पथाऱ्या ज्या शहराच्या वेशीवर पसरतात, तिथल्या माणसाने ते बाटलीतून विकत घ्यावं, हे काही मला पटत नाही. नंदुरबारची लाल मिरची जाडसर कुटा, त्यात तीळ घाला. शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवून मिनिटभर थांबा, मग वर ओता. न थांबता ओतलंत तर मिरची करपते.

जेवायला बसल्यावरच वाडगे भरा. खाली शेवया, त्यावर उकळता रस्सा, वर मासा, कांद्याची पात, किसलेला मुळा आणि चमचाभर ते तेल. पोरांच्या वाडग्यात तेल नको. उशिरा येणाऱ्यासाठी शेवया रश्शात भिजत ठेवू नका, वेगळ्या झाका. रस्सा उरला तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नीट उकळून भातावर घ्या.