सदोष जनरेटर आणि मालकाचे कर्तव्य
संपादक महाशय,
सदोष जनरेटर परत मागवणे ही केवळ कारखानदाराची बाब होय, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन मला सर्वथा अमान्य आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २० अन्वये धोकादायक माल परत घेण्याचा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते, हे खरे. परंतु ज्याच्या टाकीतून पेट्रोल झिरपते असे यंत्र मालकानेच तत्काळ बंद करून, अनुक्रमांक पडताळून, पावतीसह विक्रेत्याकडे दाद मागितल्यावाचून तो हुकूम कागदावरच राहतो. निर्दोष यंत्रही घरात वा गोठ्यात चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड गंधहीन असून प्राणघातक असतो. विक्रेत्याने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार गुदरावी. सदोष यंत्र गरजू शेजाऱ्यास मात्र विकू नये, ही कळकळीची विनंती.
— एक वाचक, आंबागड (जि. भंडारा)