बारा छायाचित्रे आणि मागील बाजूची नावे

आपल्या मंडळाच्या गेल्या सभेत कुमारवयीन मुलामुलींसाठी छायाचित्रणाचा वर्ग पुन्हा चालविण्याचा ठराव आला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "हल्ली प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा आहे, त्याला आणखी शिकवायचे ते काय?" सभागृहात हशा पिकला आणि ठराव पुढील सभेवर गेला. प्रश्न विनोदाने विचारला गेला असला, तरी त्याचे उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कॅमेऱ्याशी आपला परिचय जुना आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत तरुणांसाठी छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत नावाजलेले छायाचित्रकार झाले. त्याच काळात विल्यम जॉन्सन हा इंग्रज मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची चित्रे घेत होता आणि त्याच्या कॅमेऱ्यापुढे बेने इस्राएलही बसले. १८६३ व १८६६ साली त्याने दोन भागांत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील कित्येक चित्रांत स्टुडिओतील माणसे कापून निराळ्याच देखाव्यापुढे चिकटविलेली आहेत. अशा ग्रंथांची रीत अशी की चित्राखाली जातीचे नाव असावे, माणसाचे नसावे. कोणाचे वडील, कोणाची लेक, कोणत्या गावचे, हे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. जॉन्सनला दोष देऊन काय उपयोग? तो परका होता. परंतु आपण स्वतः तरी काय निराळे केले?

माझ्याच घरचे उदाहरण देतो. आईच्या पत्र्याच्या पेटीत साठएक छायाचित्रे निघाली. एकात रेवदंड्याच्या एका घराच्या ओटीवर अकरा माणसे बसली आहेत. त्यांपैकी चार मी ओळखतो. उरलेल्या सातांना ओळखणारी माझी मावशी तीन वर्षांपूर्वी अश्दोद येथे वारली. तिच्या हयातीत मी दर शब्बाथला तिच्याकडे जेवलो, पण ते चित्र घेऊन एकदाही गेलो नाही. चित्राच्या मागील बाजू कोरी आहे आणि आता ती कोरीच राहणार.

म्हणून वर्गात शिकवावयाचे पहिले काम कॅमेऱ्याचे नव्हे, पेन्सिलीचे आहे. घरातील जुने चित्र आजीपुढे ठेवावे, ती सांगेल ती नावे, गाव व प्रसंग मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने मागे लिहावे (बॉलपेनची शाई व दाब, दोन्ही चित्रास अपाय करतात), आणि मगच मोबाइलवर त्याची प्रत घ्यावी. चिकट पानांचे जे आल्बम एके काळी हौसेने घरोघरी आले, त्यांतील डिंक चित्रे खात बसला आहे, हेही मुलांनी आईबापांस सांगावे. लिहावयाचे कोणत्या लिपीत, हा प्रश्न उद्‌भवेलच. नातवंडांना देवनागरी येत नाही आणि पुष्कळ आज्यांना हिब्रू लिहिता येत नाही. दोन्ही लिपींत लिहावे. त्या निमित्ताने चार अक्षरे मुलांच्या हाती लागली, तर मंडळाच्या मराठी वर्गाने इतक्या वर्षांत साधले त्याहून ते अधिक होईल. हे वाक्य काहींना झोंबेल, पण ते मी मागे घेत नाही.

आता खुद्द कॅमेऱ्याविषयी. माझ्या तरुणपणी आग्फा क्लिक थ्री घरी आला, तेव्हा एका रिळात बाराच चित्रे निघत. तेरावे नाही, या धाकाने माणूस आधी पाहावयास शिके. आजच्या मुलास मलिद्याच्या प्रसंगी दोनशे चित्रे घेता येतात व दोनशेही फुकट जातात, कारण तबक, पोहे, फळे, गुलाबाच्या पाकळ्या, सर्व काही फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात सपाट होऊन जाते. दिवा बंद करून तबक खिडकीजवळ सरकवावे आणि स्वतः दोन पावले पुढे जावे, एवढे सांगितले तरी निम्मे काम होते. दिवसाला बाराच चित्रे घ्यावयाची आणि त्यांतून एक निवडून ते का निवडले हे सांगावयाचे, हा नियम गेल्या वर्षीच्या वर्गात आम्ही घातला होता. मुलांनी प्रथम कुरकुर केली. तिसऱ्या आठवड्यास एकमेकांशी वाद घालू लागली. शब्बाथला अर्थातच कॅमेरा बंद. एका मुलीने त्याचाही उपयोग केला: शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीचे स्वयंपाकघर, एवढाच विषय तिने घेतला.

मुलांच्या हाती कॅमेरा देणे ही नवी कल्पना नव्हे. वेंडी इवाल्ड या अमेरिकन बाईंनी केंटकीच्या डोंगराळ भागातील शाळकरी मुलांना १९७५ पासून छायाचित्रण शिकविले व १९८५ साली त्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले. पुढे गुजरातेतील विछिया गावीही त्यांनी मुलांबरोबर काम केले. त्याहूनही आपल्याला जवळचे उदाहरण अन्‌-स्की यांचे. १९१२ ते १९१४ या काळात ते रशियन साम्राज्यातील व्होलीनिया व पोदोलिया प्रांतांतील यहुदी गावे हिंडले. बरोबर छायाचित्रकार म्हणून सोलोमन युदोविन होता, वय अवघे वीस. त्या वस्त्या पुढे नाझी संहारात नष्ट झाल्या. त्या तरुणाची चित्रे राहिली.

प्रदर्शनाबाबत मात्र एक अडचण आली, ती सांगितलीच पाहिजे. गेल्या वर्षी सभागृहात तीसएक चित्रे लावली. त्यांत एका सोळा वर्षांच्या मुलाने शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे चित्र घेतले होते: जेवणाच्या मेजावर ते एकटे आणि ताटे दोन. गृहस्थांच्या चिरंजीवांनी आक्षेप घेतला, "बापाला आम्ही टाकले आहे असे लोक म्हणतील." समितीचा कल चित्र काढून टाकण्याकडे होता; मलिदा आणि मेंदीची चित्रे पुरेशी आहेत, घरातली दुःखे भिंतीवर कशाला, असेही कोणी म्हणाले. चिरंजीवांचा संकोच मला समजतो. परंतु केवळ सणांची चित्रे लावावयाची, तर ते जॉन्सनच्या ग्रंथासारखेच होईल: पोशाख व चालीरीती दिसतील, माणूस दिसणार नाही. मी एवढेच सुचविले की ज्यांचे चित्र आहे त्यांनाच विचारावे. मुलगा पुन्हा त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "लावा. पण दुसरे ताट कोणाचे ते खाली लिहा." त्यांच्या दिवंगत पत्नीचे नाव दोन्ही लिपींत लिहून चित्र लावले गेले. चिरंजीव उद्‌घाटनास आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, सभागृह रिकामे असताना, येऊन गेले असे चौकीदाराने सांगितले.

तेरा ते सतरा ही वये सोडली, तर मुले सैन्यात जातात आणि मग हाती लागत नाहीत. नावे सांगू शकणारी माणसेही थांबणार नाहीत. मागितलेली रक्कम वार्षिक भोजनाच्या खर्चाच्या एक चतुर्थांशाहून कमी आहे. ठराव पुढील सभेत पुन्हा येत आहे. सभासदांनी येताना घरचे एखादे जुने छायाचित्र बरोबर आणावे आणि मागील बाजू पाहूनच मत द्यावे.