पाळणाघरातली सर्दी आणि घरचा हिशेब

"डॉक्टर, पाळणाघरात घातल्यापासून बाळ सारखं आजारी पडतं." वरसे-रोह्यात, धाटावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पालकांकडून हे नेहमी ऐकतो. लहान मुलांना वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होऊ शकते, पाळणाघरात थोडी जास्तच. ती बहुधा विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

माझी फी, औषधं, रिक्षाभाडं आणि बुडालेला रोज यांची बेरीज करा. त्यापुढे साबणाची वडी किती स्वस्त! नाक पुसल्यावर आणि खाण्याआधी मुलांचे व सांभाळणाऱ्या ताईंचे हात धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत मिळते: दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना.

तापलेलं मूल घरी ठेवा, हे सांगणं सोपं आहे. पण खाडा परवडत नाही म्हणून आई औषध पाजून त्याला पाठवते आणि इतर मुलंही आजारी पडतात. तिला दोष कसा देऊ? माझ्या मते अशा वेळी एक-दोन दिवसांची पगारी रजा कंपनीलाही स्वस्तच पडेल.

मात्र श्वास जलद चालला किंवा छाती आत ओढली जात असेल, तर हिशेब करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.