‘माय मदर शी’

आपल्यापैकी ज्यांनी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले आहे, त्यांनी ‘माय मदर शी गोज टू मार्केट’ हे वाक्य कितीतरी वह्यांत पाहिले असेल. त्यातल्या ‘शी’वर लाल काट मारून पुढची वही ओढायची, हे मीही अनेक वर्षे केले. पुढच्या निबंधात ‘शी’ पुन्हा हजर असे.

या चुकीला निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही. या संपादकीयाचे पहिलेच वाक्य पुन्हा वाचा. ‘ज्यांनी’ आले, म्हणून पुढे ‘त्यांनी’ आले. ते गाळले तर वाक्य लंगडते. ‘काल जो मुलगा उशिरा आला, तो माझा भाऊ आहे’ असे बोलणारे मूल ‘दि बॉय हू केम लेट येस्टरडे, ही इज माय ब्रदर’ लिहिते, तेव्हा ते मराठीचा नियम इमानाने पाळत असते. शिवाय ‘माझी आई ना, ती रोज पहाटे उठते’ ही आपली रोजची बोलण्याची रीत. बोलताना इंग्रज माणूसही असे म्हणतो. १६११च्या इंग्रजी बायबलातही ही रचना सापडते. आजच्या लेखी इंग्रजीत मात्र ती चालत नाही.

दुसरे कारण आपणच घडवलेले आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि ‘ही गोज, शी गोज’ आपण पाढ्यासारखे घोकून घेतो. मुलाच्या मनात ‘गोज’ हे ‘शी’ला चिकटूनच बसते. ‘माय मदर’नंतर क्रियापदाचे योग्य रूप हाताशी यावे म्हणून ते ‘शी’चा आधार घेते. तो आधार हिसकावू नका. ‘माय मदर म्हणजे कोण?’ असे विचारा, ‘शी’ तोंडी म्हणू द्या, ‘गोज’ मिळाले की लिहिताना ‘शी’ सोडायला सांगा.

नुसत्या काटेने होणारे नुकसान मोठे आहे. धसका घेतलेले मूल हवे तिथलेही सर्वनाम गाळते: ‘बिकॉज माय मदर वॉज इल, स्टेड ॲट होम’. मराठीत ‘आई आजारी होती म्हणून घरीच राहिली’ हे निर्दोष आहे. कर्ता कोण ते क्रियापदच सांगते. इंग्रजीत ‘बिकॉज’ने जोडलेल्या वाक्यात दुसऱ्या क्रियापदालाही स्वतःचा कर्ता लागतो, तिथे ‘शी’ हवीच. म्हणून सर्वनाम मोजण्याआधी क्रियापदे मोजायला शिकवले पाहिजे.

या आठवड्यात वह्या तपासताना एवढे करून पाहा. ‘शी’वर काट मारण्याआधी त्या मुलाला जवळ बोलवा आणि तेच वाक्य मराठीत म्हणायला सांगा.